बॉनेटखालचा सुधारक

इंग्लंडमधील जोडघरांच्या वस्तीत, म्हणजे मधली एकच भिंत वाटून घेऊन दोन बिऱ्हाडे जेथे शेजारी नांदतात अशा घरांच्या वस्तीत, अनेक घरांना गॅरेज नावाची एक अरुंद खोली जोडलेली असते. ती मोटार ठेवण्यासाठीच बांधलेली असली तरी रोज कामावर नेणारी, बाजारहाट करून आणणारी आणि किल्ली फिरवताच सुरू होणारी मोटार बारा महिने बाहेर पावसात भिजत उभी असते, कारण आतली कोरडी जागा दुसऱ्याच एका मोटारीने अडवलेली असते. ही दुसरी मोटार दोन आसनांची, कापडी टपाची, पोट जमिनीला टेकेल की काय असे वाटावे इतकी बुटकी आणि पन्नास-साठ वर्षे वयाची असून, तिच्या उघड्या बॉनेटखाली कमरेपर्यंत शिरलेला आणि बाहेरून केवळ पाठमोरा दिसणारा जो गृहस्थ असतो, तो प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

या गृहस्थाने बहुधा साठी ओलांडलेली असते आणि उभ्या आयुष्यात त्याने भूगोल शिकवलेला, विम्याचे हप्ते मोजलेले किंवा नगरपालिकेच्या नळांचे नकाशे काढलेले असतात, म्हणजे हाताला ग्रीस लागेल असे काहीही केलेले नसते. तरुणपणी ही गाडी त्याला परवडत नव्हती. परवडू लागली तेव्हा मुले झाली आणि दोन आसनांत संसार मावेना. आणि मुले आपापल्या वाटेने गेल्यावर जेव्हा गाडी अखेर दारी आली, तेव्हा तिच्यात बसणे जमत असले तरी उतरताना मात्र एक हात दाराला आणि दुसरा कोणाच्या तरी खांद्याला लावावा लागतो. गाडी चालवण्यापेक्षा तिच्याखाली आडवे पडणे त्याला अधिक सोयीचे वाटते यामागे हेही एक कारण असावे.

त्याच्या गाडीचे कुळ ठरलेले असते. स्पोर्ट्स कार म्हणजे वेगापेक्षा वळणांवर मजा देण्यासाठी बांधलेली हलकी, उघडी मोटार, आणि दुसऱ्या महायुद्धानंतरची तीस-पस्तीस वर्षे या मोटारी बनवण्यात ब्रिटनचा हात धरणारे फारसे कोणी नव्हते. ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली, लोटस या नावांना मानणारे गृहस्थ गावोगाव आढळतात, परंतु सर्वांत मोठा समुदाय एमजीबीवाल्यांचा, कारण १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन येथील कारखान्यातून या एकाच जातीच्या पाच लाखांवर गाड्या बाहेर पडल्या. (जॅग्वार ई-टाइप बाळगणारा मनुष्य या विवेचनात धरलेला नाही, तो सहसा स्वतः गाडीखाली जात नाही, धनादेश पाठवतो.) मराठी वाचकाला हे कुळ वाटते तितके परके नाही. आपल्याकडे मंत्र्यांपासून टॅक्सीवाल्यांपर्यंत सर्वांना ज्या अ‍ॅम्बॅसॅडरने अनेक वर्षे वाहिले, तिचे १४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन आणि एमजीबीचे १७९८ घन सेंटिमीटरचे इंजिन ही एकाच ‘बी-सिरीज’ घराण्यातली थोरली-धाकटी भावंडे आहेत. तसेच मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेराल्ड ज्या सांगाड्यावर उभी होती, तोच सांगाडा आखूड करून ट्रायम्फ स्पिटफायर घडवलेली होती. याचा अर्थ असा की दादरच्या एखाद्या जुन्या फिटरला अ‍ॅबिंग्डनच्या गाडीसमोर उभे केले, तर तो नाव न विचारता कामाला लागेल.

इंग्लिश गृहस्थ मात्र तसा लागत नाही. तो आधी ग्रंथ उघडतो. जॉन हेन्स या वायुदलातील अधिकाऱ्याने एडनला असताना मित्राची ऑस्टिन-हीली स्प्राइट मोकळी करून पुन्हा जोडली, प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे काढली आणि त्यातून १९६६ साली घरच्या घरी दुरुस्ती करणाऱ्यांसाठी त्याची पहिली पुस्तिका निघाली. पुढे अशा पुस्तिकांचे ग्रंथालयच उभे राहिले आणि ज्याच्या प्रतीवर काळ्या अंगठ्याचे ठसे नाहीत तो मनुष्य या समाजात नवखा समजला जाऊ लागला. या ग्रंथपरंपरेचे एक वैशिष्ट्य असे की, एखादा भाग सुटा कसा करावा हे ती चित्रांसह, पायरीपायरीने आणि अत्यंत ममतेने सांगते, परंतु तो पुन्हा जोडावा कसा या प्रश्नावर आल्यावर हीच कृती उलट क्रमाने करावी एवढे सांगून हात झटकते. जगातील कोणतीही गोष्ट उलट क्रमाने होत नाही, विशेषतः गंजलेला बोल्ट तुटून अर्धा आत राहिल्यावर, हा धडा गृहस्थ पुस्तकाबाहेर शिकतो.

हत्यारांचीही तीच कथा. व्हिटवर्थ नावाची एक जुनी ब्रिटिश मापपद्धती आहे, जिच्यात पान्यावर छापलेला आकडा पाना ज्या नटाला लागतो त्या नटाच्या रुंदीचा नसून बोल्टच्या दांड्याच्या जाडीचा असतो, त्यामुळे पान्यावरचा आकडा आणि पान्याचे तोंड यांचा परस्परांशी उघड संबंध दिसत नाही. युद्धोत्तर एमजी टीसी या गाडीच्या इंजिनात तर बोल्टचे आटे फ्रेंच मेट्रिक मापाचे आणि डोकी व्हिटवर्थ मापाची, असा संकर आहे. कारण ते इंजिन बनवणारा कॉव्हेंट्रीचा कारखाना मुळात हॉचकिस या फ्रेंच कंपनीने पहिल्या महायुद्धात उभारला होता, यंत्रे फ्रेंच होती, आणि ती बदलण्याऐवजी बाहेरून इंग्रजी पाना लागेल एवढी सोय करण्यात आली. टीसीवाल्याच्या पेटीत म्हणूनच पान्यांचे तीन संच असतात आणि हवा तो पाना चौथ्याच ठिकाणी, म्हणजे स्वयंपाकघरात, सापडतो.

परंतु गृहस्थाचे खरे स्वरूप पाहावयाचे असेल तर ते कार्बोरेटर जुळवताना पाहावे. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करून इंजिनाला पाजणारे यंत्र. या गाड्यांत ते बहुधा एसयू बनावटीचे आणि जोडीने असते. एसयू म्हणजे स्किनर युनियन. पादत्राणांचा व्यापार करणाऱ्या स्किनर घराण्यातील बंधूंनी ते विसाव्या शतकाच्या आरंभी काढले, आणि त्याच्या पहिल्या आवृत्तीत चामड्याचा भाता होता हे घरचा धंदा पाहता ओघानेच आले. पुढे भात्याच्या जागी घुमटाकार भांड्यात वरखाली होणारा पिस्टन आला. इंजिनाने श्वास ओढला की पिस्टन वर उचलला जातो, त्याला जोडलेली निमुळती सुई पेट्रोलच्या नळीतून तेवढीच वर येते आणि जितकी हवा तितके पेट्रोल हे गणित आपोआप सुटते. पिस्टनने एकदम उसळी मारू नये म्हणून वरच्या पोकळीत चमचाभर तेल ओतलेले असते. ते तेल नेमके कोणते असावे, इंजिनाचेच की शिवणयंत्राला घालतात तसे पातळ, या प्रश्नावर पस्तीस-चाळीस वर्षांच्या मैत्र्या तुटल्याची उदाहरणे देण्याची येथे गरज नाही.

जुळणीचा विधी रविवारी सकाळी होतो. गृहस्थ इंजिन गरम होऊ देतो, हवा गाळणाऱ्या जाळ्या काढून ठेवतो, हातभर लांबीची एक रबरी नळी घेऊन तिचे एक टोक स्वतःच्या कानात आणि दुसरे पहिल्या कार्बोरेटरच्या तोंडाशी धरतो आणि डोळे मिटतो. आत शिरणाऱ्या हवेचा फूत्कार ऐकू येतो. मग नळी दुसऱ्या कार्बोरेटरकडे नेतो; दोन्हींचा फूत्कार सारखा भासेपर्यंत दोन स्क्रू पाव-पाव फेऱ्यांनी पिळतो; नंतर एका पिस्टनखालची बारीक खिटी बोटाने किंचित वर लोटून इंजिन काय म्हणते ते पाहतो. इंजिनाचा वेग वाढून वाढलेलाच राहिला तर मिश्रणात पेट्रोल जास्त, इंजिन गुदमरून बंद पडू लागले तर पेट्रोल कमी, आणि वेग क्षणभर वाढून पूर्वपदावर आला तर सर्व ठीक. या तिसऱ्या अवस्थेला पोहोचल्यावर गृहस्थाच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरते ते त्याच्या विवाहाच्या छायाचित्रातही दिसत नाही, असे त्याची पत्नी सांगते. त्याच क्षणी तो आणखी पाव फेरी पिळतो आणि सर्व काम पहिल्यापासून करावे लागते. ही पाव फेरी कोणत्याही ग्रंथात लिहिलेली नाही, आणि तिच्यावाचून कोणताही रविवार पार पडत नाही.

विजेच्या बाबतीत त्याला बाहेरच्यांचे टोमणे सोसावे लागतात. बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकास कंपनीने या गाड्यांचे दिवे, डायनामो, बटणे असे बहुतेक सारे विद्युत सामान पुरवले आणि ऐन रात्री दिवे जाण्याच्या लौकिकावरून विनोदी लोकांनी लुकासला अंधाराचा राजपुत्र ही पदवी बहाल केली. यात अन्याय बराच आहे. अर्धशतक ओल खाल्लेल्या गोळीवजा पितळी जोडांत आणि पत्र्याला टेकवलेल्या गंजक्या अर्थिंगमध्ये वीज अडली, तर तो बनवणाऱ्याचा दोष मानता येत नाही; दोन जोड घासून स्वच्छ केले की राजपुत्र बहुधा उजेडात येतो. तरीही हे टोमणे गृहस्थाला मनातून आवडतात, आणि गाडीखालच्या पुठ्ठ्यावर पडलेल्या तेलाच्या थेंबांविषयी पाहुण्याने विचारलेला प्रश्नही आवडतो, कारण मग त्याला समजावून सांगता येते की जुन्या ब्रिटिश इंजिनांत मुख्य दांड्याच्या मागच्या टोकाला रबरी सीलऐवजी उलट्या आट्यांचे एक वेटोळे कोरलेले असे, ते फिरत असेपर्यंत तेल आत ढकलते, आणि थांबले की तेल थांबवायला तेथे कोणीच उरत नाही. थोडक्यात, गाडी चालू असताना गळत नाही. पाहुणा मान डोलावतो आणि गाडी बहुतेक वेळ उभीच असते हे सभ्यपणाने मनात ठेवतो.

या समाजात दोन पंथ आहेत आणि त्यांना सनातनी व सुधारक अशी नावे दिल्यास महाराष्ट्रातील वाचकाला अधिक खुलासा लागणार नाही. गाडी कारखान्यातून ज्या दिवशी निघाली त्या दिवशी जशी होती तशीच राहिली पाहिजे, तारांचे रंग, नळ्यांच्या कड्या, आसनांमागे दडवलेल्या सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आणि बॅटरीचे धन टोक पत्र्याला जोडण्याची जुनी रीत, यांपैकी कशालाही हात लावू नये, असे सनातनी मानतो. सुधारकाचे म्हणणे असे की गाडी रस्त्यावर चालायची असेल तर तिने आजच्या रस्त्याशी जुळवून घेतले पाहिजे. तो दोन बॅटऱ्यांच्या जागी बारा व्होल्टची एक बसवतो. इंजिन मंद फिरत असताना वीज निर्माण करण्याचा कंटाळा करणाऱ्या डायनामोच्या जागी अल्टरनेटर आणतो. वाहतुकीच्या कोंडीत पाणी उकळू नये म्हणून विजेचा पंखा लावतो. आणि ठिणगीची वेळ साधणारे सीबी पॉइंट, म्हणजे सतत उघडमीट करून झिजणारी आणि दर थोड्या महिन्यांनी इंचाच्या पंधरा सहस्रांश फटीवर आणून ठेवावी लागणारी ती चिमुकली धातूची जोडी, काढून टाकून तेथे न झिजणारे इलेक्ट्रॉनिक साधन घालतो.

येथपर्यंत यात नवल काही नाही. नवल पुढे आहे. हा सुधारक आपली सुधारणा कोणाला दिसू देत नाही. इलेक्ट्रॉनिक साधन तो जुन्याच डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीखाली बसवतो आणि बाहेर येणाऱ्या दोन तारा काळ्या नळीत घालून लपवतो. अल्टरनेटर तो असा निवडतो की ज्याचे कवच हुबेहूब डायनामोसारखे आहे. डायनामोबरोबर निरुपयोगी ठरलेली नियंत्रकाची काळी पेटी तो फेकत नाही, आतले सारे काढून तिला जागच्या जागी रिकामी उभी ठेवतो. पेट्रोल ओढणारा जुना पंप टकटक आवाज करीत असे आणि मधूनच रुसला की त्याला हातोडीने हलकेच ठोकावे लागे. आता तो पंपही आत इलेक्ट्रॉनिक मिळतो, पण बाहेरून तोच आणि टकटकही तीच. जी गाडी वाटेत बंद पडेल असे दिसावे पण जी प्रत्यक्षात पडू नये, अशी गाडी घडवण्यासाठी हा मनुष्य नव्या गाडीच्या हप्त्याइतका पैसा ओततो, आणि त्याला दुसऱ्या सुधारकाने विचारले तर हळू आवाजात सांगतो, सनातन्याने विचारले तर विषय हवामानाकडे वळवतो. प्रदर्शनात परीक्षक येणार असतील तर आदल्या रात्री मूळ भाग परत चढवून प्रायश्चित्त घेण्याची सोयही त्याने ठेवलेली असते, कारण काढलेला प्रत्येक भाग फडक्यात गुंडाळून, तारीख घालून, फळीवर ठेवलेला असतो. सीबी पॉइंटांची जुनी जोडी तर तो प्रवासात हाताशीच बाळगतो: इलेक्ट्रॉनिक साधन एकदा मेले की मेले, त्याला कानशीने घासून जिवंत करता येत नाही, एवढा व्यवहार तो जाणतो.

इंग्लंडमध्ये सुधारणा हवीच असते, फक्त ती झाल्याचे कोणाच्या लक्षात येऊ नये अशी अपेक्षा असते, आणि त्या देशाचा राज्यकारभार पाहिलेल्यांना हे बॉनेट उघडल्याशिवायही ठाऊक आहे.

कधीकधी सुधारणा कालाच्या उलट दिशेनेही चालते. अमेरिकेच्या सुरक्षा-नियमांपायी १९७४ च्या अखेरीपासून एमजीबीला चकचकीत क्रोम बंपरांऐवजी काळ्या रबराचे जाड बंपर आले आणि दिव्यांची उंची नियमात बसवण्यासाठी गाडीच उंच करावी लागली, त्यामुळे वळणावर ती पूर्वीपेक्षा अधिक कलू लागली. अशी गाडी विकत घेतलेला गृहस्थ रबर काढून क्रोम चढवतो, पुढचे फेंडर कापून बदलतो, गाडी खाली बसवतो आणि ती दहा वर्षांनी जुनी झाली की नवी झाल्याचा आनंद मानतो. याच्या उलट गिअरपेटी. मूळ पेटीत चारच गिअर असल्याने हमरस्त्यावर इंजिन आक्रोश करते. म्हणून अनेक जण पाच गिअरांची जपानी पेटी बसवतात, आणि ती येते माझदा एमएक्स-फाइव्ह या गाडीतून. एमएक्स-फाइव्ह १९८९ साली लोकांपुढे आली ती जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा, विशेषतः लोटस एलानचा, आदर्श समोर ठेवूनच. तेच रूप, तोच उघडा टप, फक्त तेल गळत नाही आणि पावसात दिवे जात नाहीत. ज्या घरात पत्नीनेही स्वतःसाठी स्पोर्ट्स कार घेतलेली असते तेथे ती हीच असते, आणि गृहस्थ अडकून पडल्यास त्याला आणायलाही तीच जाते. या गाडीविषयी तो कधी वाईट बोलत नाही. तिच्यात मजा नाही एवढेच म्हणतो, आणि मजा म्हणजे काय हे विचारल्यास कार्बोरेटरकडे बोट दाखवतो.

गंजाबाबत मात्र दोन्ही पंथांत मतभेद नाहीत. एमजीबीला वेगळा सांगाडा नाही. पत्र्याचे अंगच तिचा सांगाडा आहे आणि दारांखालून जाणाऱ्या पोकळ पट्ट्या, ज्यांना सिल म्हणतात, त्या तिचा कणा आहेत. या पट्ट्या आतून कुजतात. आधार न लावता त्या कापल्या तर गाडी मध्ये खचते आणि पुढे दारे कधी नीट लागत नाहीत. सिल कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत लोखंडी आडवा दांडा वेल्ड करावा लागतो, हे ज्याने शेजाऱ्याच्या गाडीवरून शिकून घेतले तो भाग्यवान. जे या दिव्यातून जाऊ इच्छित नाहीत त्यांच्यासाठी १९८८ पासून मूळ साच्यांवर दाबलेले संपूर्ण नवे पत्र्याचे अंगच विकत मिळू लागले. इतर भागांचेही तसेच; एसयू कार्बोरेटर सॉल्झबरी येथे आजही नवे बनतात, आणि या गाड्यांचा बारीकसारीक वायसरही एखाद्या चालू मोटारीच्या भागापेक्षा लवकर पोस्टाने घरी येतो.

सरकारही गृहस्थाला फारसे छळत नाही. चाळीस वर्षे ओलांडलेल्या गाडीला रस्ताकर माफ आहे आणि मे २०१८ पासून वार्षिक तपासणीतूनही सूट आहे, मात्र गाडीत मूलभूत बदल केलेला नसावा. रोव्हरचे आठ सिलिंडरांचे इंजिन बसवण्याचा मोह पुष्कळांना होतो (कारखान्यानेच १९७३ ते १९७६ या काळात तशा थोड्या गाड्या काढल्या होत्या), पण चार सिलिंडरांच्या गाडीत ते घरी चढवले तर तिची सूट प्रश्नात येऊ शकते. सप्टेंबर २०२१ पासून पंपांवर दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल साधारण झाले, जे जुन्या रबरी नळ्या आतून मऊ करते. तेव्हापासून गृहस्थ महाग पेट्रोल घेतो, नळ्या बदलतो आणि शासनाला दोष देतो, यांतील पहिल्या दोन गोष्टी करणे योग्यच आहे.

ज्या मराठी वाचकास लेस्टर, स्लाउ किंवा मिल्टन कीन्स येथे वास्तव्यास असताना अशा शेजाऱ्याकडून फेरीचे आमंत्रण येईल, त्याने ते नाकारू नये. उन्हाळ्यातही कानटोपी आणि जाड कोट न्यावा, दार हळू लावावे, डॅशबोर्डवरील कोणत्याही बटणाला हात लावू नये. वाटेत गाडी थांबलीच तर घाई न दाखवता पाना धरून उभे राहावे. आणि आतापर्यंत एकूण किती खर्च आला हा प्रश्न त्याच्या पत्नीसमक्ष विचारू नये, कारण तिला तो आकडा ठाऊक असतो.